दालमिलच्या कामाले कोणती भाषा

३ नोव्हें., सोम.
सरांनी आज बोलावलं. दालमिलवाल्यांचं जुनं सॉफ्टवेअर टाकून नवं लिहायचं, नव्या तुरीची आवक सुरू व्हायच्या आत. ऑफिसात प्रोग्राम लिहिणारी मी एकटी, म्हणून भाषा मीच निवडायची. "पुढच्या सोमवारी सांग. तू म्हणशील ते."
पीएचपी मले येते. जावा येत नाही, पण घेतली तं कामावरच शिकता येईल, आणि मग पुण्यात नोकरी. बडनेरा-अकोला जाणं-येणं करून जीव विटला. हे सरांले माहीत नाही.

४ नोव्हें.
गाडीत व्हिडिओ पाहिले. एक म्हणते पीएचपी मेली. दुसरा म्हणते, मेली म्हणणाऱ्यांचीच पोटं तिच्यावर चालतात. तिसरा बरा होता, शांत, दोन्ही बाजू सांगणारा. बडनेरा आलं तं म्हणे, आपल्या जावा कोर्सची लिंक खाली दिली आहे. घ्या. ज्याचं त्याचं दुकान.

६ नोव्हें.
पल्लवीले फोन. कॉलेजातली, आता पुण्यात. "जावा घे, डोळे मिटून." मग म्हणे, रूमवरची एक पोरगी लग्न करून चालली, जागा होते. म्हणजे हिचंही आहेच काही.
जेवताना बाबा म्हणे, "काहून दुनियेले विचारून राहिली? तुले का कराचं ते ठरव ना." रिटायर झाल्यापासून मी यायच्या वेळेले फाटकाशी उभे असतात. पुण्याचं त्यांले सांगतलं नाही.

८ नोव्हें., शनि.
काल नेटवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. नाव नाही, गाव नाही, फक्त काम. मालाची आवक, वजन, बिलं, वापरणारी पाच-सहा माणसं. निम्मे आपसातच भांडत बसले. एकाले मात्र कशाचंच देणंघेणं दिसलं नाही. त्यानं लिहिलं, "एवढ्या कामाला पीएचपी पुरे. तुम्हाला येतेच, तर आजच लिहायला बसा. जावा शिकत लिहाल तर वेळ जाईल, आणि उद्या तुम्ही सोडून गेलात तर एवढ्याशा कामाच्या दुरुस्तीला जावावाला माणूस मिळणार नाही."
असाच सल्ला पाहिजे होता मले, कोणाचाच फायदा नसलेला. वाचून राग आला.

९ नोव्हें., रवि.
तोच प्रश्न पुन्हा टाकला. 'पुढे काम खूप वाढणार आहे' एवढं जोडलं. काम काही वाढत नाही, मले माहीत आहे. यावेळी तिघं-चौघं जावा म्हणाले. बरं वाटलं. मग नाही वाटलं. आईजवळ गवारीच्या शेंगा मोडत बसली, ती काहीतरी सांगत होती, लक्ष नव्हतं.

१० नोव्हें., सोम.
कालची उत्तरं छापून पर्समध्ये ठेवली होती. सरांनी चहा मागवला. म्हणे, "मिलवाले म्हणत होते, बाहेर कोणाले विचारायचं का. मी म्हटलं, काही गरज नाही. बाहेरचे सगळे आपला माल विकतात. आपली पोरगी आहे ना. तिले का फायदा हाय याच्यात?"
जावा तोंडापर्यंत आलं होतं.
म्हटलं, "सर, मले आहे फायदा."
सरांनी कप खाली ठेवला. "कशात?"
सांगतलं. पुण्याचं, सगळं. बाबांच्या आधी सरांले सांगतलं, हे नंतर लक्षात आलं.
सर चिडले नाहीत. चिडले असते तं सोपं गेलं असतं.
मग म्हणे, "बरं. ते झालं तुझं. आता मिलचं सांग."
उद्या सांगते म्हटलं.