सदस्यसंख्या दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
तथा अध्यक्ष, चौकशी समिती,
महाविद्यालय कार्यालय, तळमजला.

विषय : द्वितीय वर्ष समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीवर ठेवलेला खोट्या नोंदीचा ठपका मागे घेण्याबाबत.

संदर्भ : समितीची नोटीस व सोबतचे दुरुस्तीपत्रक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणतो.

१. मी विभागात संशोधन पद्धती शिकवतो. प्रश्नावली फळ्यावर शिकवली की मुले जांभया देतात, म्हणून आपल्या परवानगीने प्रात्यक्षिक सुरू केले. मुलांनी जोडीजोडीने कर्मचारी वसाहतीत जायचे, दार वाजवायचे, कुटुंबाची पाहणी करायची. पहिला नियम मी घोकून घेतो. उत्तरदाता सांगेल तेच लिहायचे. आपल्याला वेगळे माहीत असले तरी त्याचे उत्तर बदलायचे नाही. शंका असल्यास शेऱ्याच्या रकान्यात लिहावी.

२. नोटिशीत सदर विद्यार्थिनीचा फक्त हजेरी क्रमांक आहे. वर्गात तिला सगळे 'पेन्सिल' म्हणतात, कारण ती पेनाला हात लावत नाही. वसाहतीच्या यादीत माझेही घर असल्याने ती व तिची जोडीदारीण माझ्याकडे आल्या. "घरात सध्या किती जण राहतात?" असे तिने नियमाप्रमाणे, शब्दही न बदलता विचारले. मी म्हणालो, "दोघे." माझी पत्नी मागच्या सत्रात वारली. तेव्हा हाच वर्ग घरी येऊन गेला होता. त्यामुळे तिची पेन्सिल थांबली. मी म्हणालो, "लिही." तिने लिहिले.

३. माझ्या पत्नीचे निधन कार्यालयास ठाऊक असल्याने ही नोंद खोटी ठरली. शेऱ्याचा रकाना कोरा का ठेवला, असे समितीने तिला विचारले. "सरांच्या समोर काय लिहिणार?" हे तिचे उत्तर समितीने उद्धटपणा म्हणून नोंदवले आहे. ते उद्धट नव्हते, असे माझे नम्र मत आहे.

४. निरीक्षणाच्या भागात तिने 'ओट्यावर चहाचे दोन कप' असे लिहिले. एकट्या माणसाच्या घरात दोन कप कसे, म्हणून तेही रचलेले ठरवले गेले. कप दोनच होते. आधण दोघांचे ठेवायची हाताला सवय आहे. दुसरा चहा मी नंतर गार झाल्यावर पितो. यात विद्यार्थिनीचा काही संबंध नाही.

५. समितीच्या सांगण्यावरून फेरपडताळणी झाली. दुसरी जोडी आली, सोबत संख्याशास्त्राचे सर होते. तोच प्रश्न आला आणि मी तेच उत्तर दिले. सरांनी अहवालात 'उत्तर विश्वसनीय' असे लिहिले. पद्धतीनुसार ते बरोबर आहे. पुन्हा विचारल्यावर तेच उत्तर आले तर ती विश्वसनीयता, आणि उत्तर खरे असणे ही वैधता. दोन्हींत मुले नेहमी घोळ घालतात, म्हणून मी ती वेगवेगळ्या दिवशी शिकवतो. दोन्ही वेळा मला काही वाटले नाही. अजूनही फारसे वाटत नाही, हे समितीच्या माहितीसाठी.

६. त्यानंतर समितीने ठरवले की उत्तरदात्याने स्वहस्ते सुधारित संख्या लिहून दिल्यास विद्यार्थिनीला निर्दोष धरावे, अन्यथा तिचे प्रात्यक्षिकाचे गुण रद्द. गुण रद्द म्हणजे वर्ष वाया. तिच्या वडिलांनी तिचे शिक्षण याच वर्षाच्या निकालावर टांगून ठेवले आहे, असे तिची जोडीदारीण सांगून गेली. तिने स्वतः माझ्याकडे एका शब्दानेही काही मागितलेले नाही.

७. त्यासाठीच्या दुरुस्तीपत्रकावर घरातील सर्व प्रौढ सदस्यांच्या सह्या लागतात. माझ्या एकट्याच्या सहीचे पत्रक कार्यालयातल्या मोठ्या बाबूंनी परत केले. "नोंद दोनची आहे तोवर सह्या दोनच लागणार, सर. त्यात मी तरी काय करू?" असे ते म्हणाले. त्यांचेही चुकत नाही. त्यांनीच नंतर मृत्यूचा दाखला जोडला तर चालेल असे हळूच सुचवले व मला बसायला खुर्ची दिली. त्याबद्दल त्यांचा आभारी आहे.

८. सबब विनंती की, विद्यार्थिनीने मी शिकवले तसेच केले, हे ग्राह्य धरून तिचे गुण द्यावेत. कारवाई करायचीच असल्यास माझ्यावर करावी, माझी हरकत नाही. प्रात्यक्षिक मात्र बंद करू नये, मुले त्यातूनच शिकतात. आणखी पडताळणी करायची झाल्यास कृपया मुलांना माझ्याकडे पाठवू नये. मी उत्तर काय देईन याची मला खात्री नाही, आणि त्यांना ते लिहावे लागेल.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र,
(सही)
अधिव्याख्याता, समाजशास्त्र विभाग

दिनांक : मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१) प्रश्नावलीची प्रत.
२) पत्नीच्या मृत्यूचा दाखला.
३) दुरुस्तीपत्रक. सही केली आहे. 'सुधारित सदस्यसंख्या' हा रकाना मला भरता आला नाही. तो कृपया कार्यालयाने भरून घ्यावा.