लाल पेटीतला रविवारचा फोन

थॉर्नबेक, यॉर्कशर
१२ मे

प्रिय बाबा,

गावच्या हिरवळीवरची आपली लाल टेलिफोन-पेटी वारसा म्हणून सरकारी यादीत आली! आता तिला कुणी उखडू शकत नाही. अर्ज मी लिहिला. घराण्यातली पहिली पदवीधर, म्हणून गावाने तो माझ्याच गळ्यात घातला.

पण जवळजवळ घात झाला होता. पाहणीला अधिकारी बाई येणार हे कळताच मेटकाफकाकांनी पेटीला रंगाचे तीन हात मारले. त्या बाईंनी गाडीतून उतरताच कपाळाला हात लावला. "अहो, हा टपालपेटीचा लाल! फोनपेटीचा याहून गडद असतो." काका म्हणाले, "चाळीस वर्षं मेंढ्यांवर रंगाने खुणा करतोय बाई, लाल तो लाल." दुकानवाल्या अल्डरसनबाई मागून ओरडल्या, "म्हणूनच तुझ्या मेंढ्या दुसऱ्याच्या कुरणात सापडतात!" मग सगळ्या गावाने मिळून तो रंग खरवडला. आईसुद्धा आली होती. तिची नखं अजून लाल आहेत.

यादीने वाचवली ती मात्र फक्त पेटी. आतला फोन नाही. फोन कंपनीने काचेवर नोटीस लावली आहे: वापर नाही, फोन काढणार, हरकत असल्यास कळवा. म्हणून मी दारोदार विचारत फिरले, फोन कुणाला लागतो? अल्डरसनबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "पोरी, रविवारी सहाच्या ठोक्याला तूच नाही का धावत यायचीस?"

यायचे. तुम्ही दोघं वेगळे झालात, तेव्हा घरी फोन करायचा नाही असं ठरलं, म्हणून तू पेटीतल्या फोनवर करायचास. आई दर रविवारी पावणेसहाला मला दूध आणायला पिटाळायची. मी रिकाम्या हातांनी परतले, तरी दूध कुठे आहे, हे तिने एकदाही विचारलं नाही.

मग मी डरहमला शिकायला गेले आणि तुला सांगितलंच नाही. आधी नव्या मैत्रिणींत रमले, नंतर सांगायची लाज वाटू लागली. मला वाटलं, एकदा कुणी उचललं नाही की तू समजशील. पण अल्डरसनबाई म्हणाल्या, "तू गेल्यावरही वाजायचा गं. दोन हिवाळे. आम्ही कुणी हात लावला नाही, तुझा फोन होता ना तो." बाबा, मी चहा तसाच टाकून बाहेर आले.

हरकतीच्या अर्जात एक रकाना आहे: हा फोन कुणाला हवा आहे? तिथे मी माझं नाव लिहिलंय. ते खरं ठरवणं तुझ्या हाती आहे. तुझ्या ॲबर्डीनच्या जुन्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय. पेटीचा नंबर तोच आहे. रविवारी सहाला मी आत उभी असेन, आणि या वेळी पहिल्याच घंटीला उचलेन. तुला लिहितेय हे आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती, वळलीही नाही. म्हणाली, "रविवारी दूध संपेल असं दिसतंय."

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
हेस्टर