ओवाळणीचं ताट

बोरी, मंगळवार संध्याकाळ

आज आमचा उमेदवार गावात आला. ओवाळायला दारात मीच उभी होते. हे गेल्यापासून या विरोधी पक्षाचा झेंडा गावात मी एकटीनं धरलाय, मग दुसरं कोण उभं राहणार?

गाडी थांबली तसा तालुकाध्यक्ष कानाशी आला. "काकू, ताट सूनबाईकडं द्या. फोटो काढायलेत, विधवेनं ओवाळलं तर लोक नावं ठेवतेत."

आणि मी ताट दिलं. का दिलं? लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर आवाज चढवू द्यायच्या नाहीत, ते अजून अंगातून गेलं नाही की काय? हे असते तर... हे असते तर ताट माझ्याच हातात राहिलं असतं. तेच तर जास्त बोचतंय.

मग आमच्याच ओट्यावर उमेदवाराचं भाषण झालं. सत्तेतले बायकांना मागं ठेवतात, आम्ही पुढं आणतो. टाळ्या पडल्या. ते वाक्य मीच लिहून दिलं होतं.

जाताना तालुकाध्यक्ष पाया पडला. "काकू, लय भारी लिवलं. चुडावा गावच्या महिला मेळाव्याचं भाषण बी लिवून द्या."

शेजारची सरूबाई म्हणाली, "ओवाळाया चालत न्हाई, अन् लिवाया चालती व्हय रं?"

तो नुसता हसला. लिहिणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं. तरी हसतच गाडीत बसला.

मत मी आमच्याच पक्षाला देणार. समोरच्यांना दिलं तर आम्हा दोघांची हयात फुकट गेली. त्याला ते पक्कं ठाऊक आहे.