कलमाच्या चाकूची मूठ

पद्माचे बाबा,

तुमच्या कलमाच्या चाकूच्या मुठीले मी आज चरख्याचं सूत घट्ट गुंडाळलं. खाली बाभळीचा डिंक लावला हाय. तो ओला हाय, म्हणून चाकू कोनाड्यात ठेवला. उद्यापर्यंत हात लावू नका. तुमी कानशीनं मूठ खडबडीत केली, मंग सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं, तरी चाकू हातातून सुटतेच. मूठच बेकार हाय, म्हणता. याच्यावर अजून काय बांधू, मले सुचत नाई.

काल संत्र्याची कलमं बांधताना तुमचं बोट कापलं. रगत मले दिसलं, तुमाले पत्ताच नव्हता. आज सूत गुंडाळायच्या आधी मी तोच चाकू धरून आंगणातली फांदी कापून पाह्यली. माह्या हातातून नाई सुटला.

मी वर्धेच्या महारोगाच्या दवाखान्यात विचाराले चालली. तुमचं नाव नाई सांगणार. पद्माले वाटेत मामाकडं सोडीन, काई दिवस तिथंच राहू द्या.

भाजीचा गंज चुलीवर हाय. उतरवताना फडकं घ्या. चटका लागत नसला, तरी घ्या.

जिजा