मागचा कार्बोरेटर

प्रिय नंदिनीताई,

तुमच्या बाबांची दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार चामोर्शीला आमच्या अंगणात तीन वर्षं दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली आहे. माझा नवरा संघपाल म्हणतो, "झाली की मीच नागपूरले नेऊन देईन नंदिनीले." तुमचं नाव तो अजून कॉलेजातल्यासारखंच घेतो.

आता एवढंच काम उरलंय: इंजिनाच्या दोन्ही कार्बोरेटरनी सारखी हवा ओढायला हवी. संघपालला आता कमी ऐकू येतं, म्हणून तो रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दुसरं माझ्या कानाला लावतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. एरवी असा बघत नाही.

आज दोन्ही आवाज अगदी सारखे होते.

"सांग ना, हर्षा!"

"मागचा कमी ओढून राह्यला."

त्याने लगेच पाना उचलला. "तुह्या कानावर माहा भरोसा हाये."

पण ताई, उद्याही मागचाच कमी ओढेल.

हे पत्र न टाकणारी,
हर्षा