अकरा ओवळे हात

ता. ३ आगष्ट १८८५, सोमवार

श्रीपाद गावच्या म्युनिसिपल कमिटीवर निवडून आला. शनिवारी पहिली सभा. नवे इंग्रज साहेब प्रत्येक सभासदाचा हात हातात घेऊन हलवतात म्हणे! माझा भाऊ रडकुंडीला आलाय. "अक्का, किती वेळ हलवायचा असतो?" वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मी वाचायला शिकले, तेव्हा या घरात सगळं मलाच ठाऊक असायला हवं.

सभेत मुलींच्या शाळेचा ठराव आहे. शाळा झाली, तर शिकवायला मी. बाजूने हात वर करीन, असं श्रीपादने मला कबूल केलंय.

ता. ५, बुधवार

तालीम. साहेब मी. श्रीपादचा हात म्हणजे भिजलेला पापड.

"जोर लाव."

"साहेबाला दुखलं तर?"

दुसऱ्या खेपेला इतका हलवला की मीच हलले. "अरे, रहाट नाही ओढायचा!" त्याची बायको जया तोंडात पदर कोंबून हसत होती. त्यांची आठ वर्षांची उत्तरा हेलकावे मोजत होती. चौदा.

मग एकटीच हाताकडे बघत बसले. शेवटचा हातात घेतला तो यांचा, तापाने कढत. सहा वर्षं झाली. त्यानंतर आजच.

ता. ७

महिपतराव येऊन गेले. तेही सभासद. "बाया शिकल्या तर पोळ्या कोण लाटणार?" मी आत पोळ्याच लाटत होते. श्रीपादने पानाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं. निघताना ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ ओट्यावर उभे होते.

ता. ८, शनिवार, दिवेलागण

हसून हसून पोट दुखतंय!

साहेबांनी अकराही जणांचे हात हलवले. म्हणजे ते हात ओवळे. अंघोळ होईपर्यंत ना पगडीला लागू द्यायचे, ना उपरण्याला. मग काय, हात भाजल्यासारखे अकराच्या अकरा जण उजवा हात खांद्याशी वर धरून बसले. आणि पहिलाच ठराव शाळेचा. साहेब म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी उजवा हात वर करावा. मोजले — अकरा!

आता महिपतराव तरी सांगणार काय? साहेब, हा हात तुमचा विटाळ झाला म्हणून वर आहे?

साहेब खूश. पुन्हा सगळ्यांचे हात हलवले.

तिथून थेट तळ्यावर. काठावर ओळीने अकरा पगड्या, पाण्यात अकरा शेंड्या. श्रीपादने सांगितलं तेव्हा जया जमिनीवरच बसली. तो मात्र हसत नव्हता. तळ्याचं पाणी बाधलं असेल.

ता. ९

श्रीपाद जेवला नाही. दुपारी माझ्यासमोर येऊन बसला. "अक्का, माझाही हात शाळेसाठी वर नव्हता. महिपतरावांना शब्द दिला होता."

मी गव्हाचं सूप बाजूला सारलं. मग हात पुढे केला. त्याने धरला. भिजलेला पापड.

"जोर लाव," म्हटलं. "हजेरीत पहिलं नाव उत्तराचं."