मागच्या टायरांतली हवा

मी, खाली सही करणारा, गाड्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेला मेकॅनिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असं इथे लिहायचं असतं. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझी स्वतःची खात्री नाही. कारण पुढे येईल.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. माझं विसरणं तिनं फार सांभाळून घेतलं. स्वयंपाकघरातला नळ तेवढा प्लंबरकडून करून घ्यावा. मी हात लावला की जास्तच गळतो.

२. हत्यारं जावईबापूंना. पाना उलटा धरतात, पण हौस आहे.

३. जुनी लाल रेसची गाडी. जोरात सुटताना तिची मागची चाकं टणाटण उड्या मारतात. धाकटा भाऊ म्हणाला, ताणानं स्प्रिंगचे पाटे पिळवटतात. मी म्हटलं, पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश गेलेत. त्यावरून आमचं बोलणंच बंद झालं. शेड मात्र सामाईक, किल्ली दोघांकडे.

मी बुश बदलले, शॉकअप बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून बघायचं, ही माझी रीत. तरी आज उड्या थांबतात, उद्या पुन्हा सुरू. रस्त्यावर पकड बसावी म्हणून मागच्या टायरांत हवा मी मुद्दाम कमी करून ठेवतो, नंतर मोजावी तर जास्त. टायरातली हवा आपोआप वाढत नाही. म्हणजे कमी केली असं मला नुसतं वाटतं. डोकं चक्रावून जातं आणि भीती वाटते. गाडी भंगारात द्यावी. भावाला देऊ नये.

इथवरचं साक्षीदार म्हणून आलेल्या टायरवाल्याला वाचून दाखवलं. तो चुळबुळत म्हणाला, “काका, हवा धाकटे भरतात. दुपारी तुम्ही आडवे झालात की येतात. म्हणतात, दादा हल्ली हवा भरायला विसरतो, त्याला कळू देऊ नका.”

हसावं की रडावं, कळेना. म्हणजे मी विसरत नव्हतो, आणि तो माझ्या काळजीनंच माझा घोळ वाढवत होता. उड्या पाट्यांमुळे की बुशमुळे, हे अजून दोघांनाही ठाऊक नाही.

कलम ३ रद्द. गाडी भावाला. चालवणाऱ्याला मागचं चाक दिसत नाही, बाहेर उभं राहून बघणारा लागतो. मुलीला त्याला बोलवायला धाडलं आहे. त्यानं हवेला हात लावायचा नाही. दिसेल ते मला तोंडानं सांगायचं.

साक्षीदार: टायरवाला, डॉक्टर (दोघेही थांबले आहेत)
ठिकाण: शेड
तारीख: आजची
बुद्धी: शाबूत
सही: भाऊ दार उघडतो आहे. एक फेरी मारून येतो, मग करतो.